एका बिनकामाच्या भांडणाची थोरवी

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खांच्या लक्षणांनी केली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांचीही हजेरी घेतली. त्या दोन्ही याद्यांत एक मूर्ख राहून गेला आहे. भारताच्या फुटबॉल संघात चाळिशी ओलांडलेल्या सुनील छेत्रीला जागा असावी की नसावी, यावर समोरचा चहा निवून जाईपर्यंत भांडणारा हा मूर्ख. तो कोलकात्यात आहे, मडगावात आहे, कोल्हापुरात आहे, आणि वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, आमच्या शिरपूर जैनमध्येही आहे. मला त्याची स्तुती करायची आहे. शहाण्यांची स्तुती करायला पुष्कळ लोक आहेत.

आधी त्याचा मूर्खपणा पुरता सिद्ध करायला हवा, नाहीतर स्तुती लटकी पडेल. तर ऐका. या भांडणातून कधीही काहीही निष्पन्न होत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला शिरपूरचं मत कुणी कळवत नाही आणि कळवलं तरी महासंघ त्याचं काय करणार? प्रशिक्षक खालिद जमील संघ निवडतात तेव्हा वाशिम जिल्ह्याकडे कान लावून बसत नाहीत. भारताचा सामना डोळ्यांनी पाहायचा तर मुंबई पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आणि गोव्याचं फातोर्डा त्याहूनही लांब. बरं, ज्या संघासाठी घसा कोरडा करायचा तो जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९वा होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२वा. अडीच वर्षंही झाली नाहीत, तेवढ्यात त्रेचाळीस देश आपल्याला ओलांडून पुढे गेले. अशा संघाच्या आघाडीच्या एका जागेसाठी, सोयाबीनच्या सुगीच्या दिवसांत, माणसं एकमेकांशी अबोला धरतात. यापेक्षा निरुपयोगी काम दाखवा, मी लेख इथेच थांबवतो.

मूर्खपणा सिद्ध झाला. आता त्याचं मोठेपण.

भांडणाचं मूळ फार जुनं नाही. १६ मे २०२४ रोजी छेत्रीने निवृत्ती जाहीर केली. ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध तो शेवटचा सामना खेळला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला तो सामना होता, जिंकायलाच हवा होता, आणि तो ०-० असा सुटला. जवळपास साठ हजार लोक उभे राहिले, खेळाडूंनी दोन रांगा केल्या, तो मधून रडत गेला. १५१ सामने, ९४ गोल. १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात पहिला गोल करणारा मुलगा एकोणीस वर्षांनी घरी गेला. त्या रात्री आमच्या शिरपूरच्या टपरीवर कुणाचा कुणाशी वाद नव्हता. सगळे एका बाजूचे होते. आठवून पाहिलं तर इतकी कंटाळवाणी रात्र या विषयात दुसरी नव्हती.

पुढे जे झालं त्यात खरी गंमत आहे. छेत्री गेला आणि गोल गेले. कतारकडून हार, मॉरिशसशी ०-० बरोबरी, सीरियाकडून ०-३ हार, व्हिएतनाम आणि मलेशियाशी १-१. २०२४ या अख्ख्या वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. इकडे छेत्री बंगळुरूच्या क्लबसाठी खेळतच होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा त्याचं वय चाळीस. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, तोवर त्या वयात हॅटट्रिक करणारा दुसरा कुणी नव्हता. त्या मोसमात त्याचे १४ गोल झाले, भारतीय खेळाडूंमध्ये सर्वांत जास्त. मग ६ मार्च २०२५ रोजी महासंघाने जाहीर केलं की छेत्री परत येतोय. तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांना आशिया चषकाच्या पात्रता फेरीसाठी तो हवा होता.

त्या दिवशी शिरपूरमध्ये दोन पक्ष जन्माला आले.

एका पक्षाचं म्हणणं आपल्या वऱ्हाडीत असं: “त्याले काहून बोलावलं परत? दुसरं पोरगं नाही का एवढ्या देशात?” दुसऱ्या पक्षाचं उत्तर तिथेच तयार: “हाय ना. दाखव एक.” इथे पहिला पक्ष नावं घेऊ लागतो. मनवीर सिंग, रहीम अली, गोव्याचा इरफान यडवाड. दुसरा पक्ष प्रत्येक नावासमोर गोलांचा आकडा ठेवतो आणि गप्प बसतो. पहिला म्हणतो, खेळवलंच नाही तर आकडा वाढणार कसा? दुसरा म्हणतो, आकडाच नाही तर खेळवायचं कशाच्या जोरावर? या दोन प्रश्नांमध्ये मी कितीतरी वेळा उभा राहिलो आहे आणि दोन्ही प्रश्न मला खरे वाटले आहेत. ज्याला यातला एकच खरा वाटतो तो शहाणा, आणि त्याच्याशी बोलण्यात रात्र जात नाही.

१९ मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध छेत्री उतरला आणि ७६व्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल मारला. ९५वा. भारत ३-० जिंकला, आणि हा सोळा महिन्यांतला पहिला विजय होता. परत आणा म्हणणाऱ्यांनी त्या रात्री सगळ्यांचा चहा दिला. पण नको म्हणणाऱ्यांचीही बाजू पडली नव्हती. समोर मालदीव होता, सामना मैत्रीपूर्ण होता, आणि पहिला गोल छेत्रीचा नव्हताच. तो राहुल भेकेचा होता. मुंबईत वाढलेला हा बचावपटू, आणि त्याचा गोल नेमका छेत्रीच्या पुनरागमनाच्या दिवशी, त्याच्या आधी. या मराठी मुलाच्या गोलाची वर्तमानपत्रांत जेमतेम ओळ आली. शिरपूरमध्ये मात्र त्याच्यावर स्वतंत्र भांडण झालं, कारण एक जण म्हणाला की भेकेचा गोल झाकून छेत्रीचा दाखवणं हाच या देशाचा रोग आहे. मला ते वाक्य पटलं. छेत्रीवरचं माझं प्रेम त्याने कमी झालं नाही.

सहा दिवसांनी त्याच शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये थायलंडकडून ०-२. १० जूनला हाँगकाँगमध्ये जादा मिळालेल्या वेळेत पेनल्टी गेली आणि ०-१. मार्केझ गेले, ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. खालिद मुंबईच्या मैदानांवर घडलेले, महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, ऐझॉलसारख्या लहानशा क्लबला २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारे. मध्य आशियाई देशांच्या ‘काफा’ स्पर्धेसाठी त्यांनी छेत्रीला नेलंच नाही आणि ओमानला पेनल्टींवर हरवून संघ तिसरा आला. नको म्हणणाऱ्यांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च आठवडा. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्धच्या सामन्यांसाठी खालिदनी छेत्रीला परत घेतलं. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये १-१. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर छांगतेने चौदाव्या मिनिटाला भारताला पुढे नेलं, आणि मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल केले. १-२. आशिया चषक २०२७ चं दार तिथेच बंद झालं.

त्या सप्टेंबरात आमच्याकडे पावसाने शेतं झोपवली होती. सोयाबीन पाण्यात उभं होतं, जे वाचलं ते काळं पडलं होतं. पंचनाम्याच्या, मदतीच्या याद्यांच्या गप्पा सगळीकडे होत्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. ज्याचं दोन एकर गेलं होतं तोच माणूस त्या रात्री विचारत होता की साठ मिनिटांनंतर मधल्या फळीत धावायला कुणी उरलं होतं का. कुणाला हे क्रूर वाटेल, कुणाला पळवाट. मला वाटतं, शेतात जे गेलं त्यावर त्याच्या हातात काही नव्हतं, फातोर्ड्यावर जे गेलं त्यावरही नव्हतं. पण दुसऱ्या नुकसानीबद्दल त्याला मत मांडता येत होतं, आणि ते मत कुणी तलाठ्याच्या सहीशिवाय ऐकून घेत होतं. एवढी प्रतिष्ठा त्या रात्री त्याला दुसरीकडे कुठे मिळाली असती?

आता या मूर्खाच्या मोठेपणाचा सर्वांत भक्कम पुरावा. तो आपल्याच राज्यातला आहे.

१ जून २०१८. अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारत विरुद्ध चिनी तैपेई. छेत्रीने तीन गोल केले, भारत ५-० जिंकला. कोटीहून जास्त वस्तीच्या मुंबईत हा सामना पाहायला २,५६९ माणसं आली. दुसऱ्या दिवशी भारताच्या कर्णधाराने स्वतःचा एक व्हिडिओ काढला आणि हात जोडले. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या, युरोपातले क्लब पाहणाऱ्यांनो, आमची पातळी तेवढी नाही हे मान्य, पण तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही. ४ जूनला केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा सामना होता. तिकिटं संपली. पावसात भिजत लोक बसले आणि त्याने दोन गोल केले. १० जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा केनिया, पुन्हा त्याचेच दोन गोल, आणि त्या दिवशी त्याची गोलसंख्या ६४ झाली, तेव्हाच्या मेस्सीएवढी.

त्या व्हिडिओत छेत्रीने काय मागितलं ते नीट पाहा. प्रेम मागितलं नव्हतं, टाळ्याही नाहीत. येऊन भांडा, एवढंच. आपल्या खेळाडूला ठाऊक होतं की ज्याला टीका करावीशी वाटत नाही तो गेलेला माणूस आहे. लग्नघरात पंगतीवरून, मानपानावरून, वाजंत्रीवरून भांडतं कोण? घरचे. पाहुणा जेवतो, पानसुपारी घेतो, “छान झालं हो” म्हणतो आणि गाडीत बसतो. भारतीय फुटबॉलला पाहुणे पुष्कळ आहेत. घरचे त्या १ जूनला २,५६९ होते, आणि त्यांच्यासोबत शिरपूरसारख्या गावांत बसलेले, ज्यांची मोजदाद कुणी केली नाही असे काही.

पाहुण्यांबद्दलही सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल नस्र हा सौदी क्लब एफसी गोवाविरुद्ध खेळायला फातोर्ड्यावर आला. रोनाल्डो येणार म्हणून गोव्यात हवा झाली. रोनाल्डो आलाच नाही. सामना झाला, गोव्याच्या संघाने आशियातल्या एका बलाढ्य क्लबला १-२ पर्यंत रोखलं, आणि बाहेर चर्चा फक्त न आलेल्या माणसाची. डिसेंबरमध्ये मेस्सी आला. कोलकात्यात त्याच सॉल्ट लेकवर, जिथे छेत्रीला साठ हजारांनी निरोप दिला होता, लोकांनी हजारो रुपये मोजले, मेस्सी नेत्यांच्या आणि छायाचित्रकारांच्या घोळक्यात थोडा वेळ दिसला न दिसला आणि निघून गेला. मग खुर्च्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सगळं सुरळीत झालं. सचिन तेंडुलकरने मेस्सीला जर्सी दिली, मेस्सीने छेत्रीला आपली जर्सी दिली, आणि क्रिकेटच्या मैदानावर भरगच्च गर्दीने फुटबॉलचा जयजयकार केला. त्या गर्दीवर माझा राग नाही. मेस्सी डोळ्यांनी पाहावासा कुणाला वाटणार नाही? पण ते सारे शहाणे होते. जगातला सर्वोत्तम माणूस निवडणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. त्यात चुकण्याची भीती नाही आणि भांडणाला जागा नाही. १४२व्या क्रमांकाच्या संघात उजव्या बाजूला कोण असावं यावर झोप घालवणं, याला मात्र मूर्खपणाच लागतो, आणि संघ त्या मूर्खांच्याच जिवावर टिकतो.

हे वेड आपल्यापुरतंच आहे असंही नाही. १९९० मध्ये अडतीस वर्षांचा रॉजर मिला निवृत्त झाला होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनीच त्याला परत बोलावलं. त्याने विश्वचषकात चार गोल केले आणि कॅमेरून उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. चार वर्षांनी, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने रशियाविरुद्ध पुन्हा गोल केला, आणि तो सामना कॅमेरून १-६ हरला. दोन्ही पक्षांनी आपापला गोल घ्यावा. कतारच्या विश्वचषकात ६ डिसेंबर २०२२ रोजी पोर्तुगालच्या प्रशिक्षकाने रोनाल्डोला बाकावर बसवलं, त्याच्या जागी खेळलेल्या गोन्सालो रामोसने तीन गोल केले, स्वित्झर्लंड ६-१ ने चिरडला गेला. म्हातारा बाहेर, देश पुढे, असं सिद्ध झालं. चार दिवसांनी तोच रामोस, तोच संघ, मोरोक्कोकडून ०-१ हरला, आणि काहीही सिद्ध झालं नाही. ज्यांना या प्रश्नाचं उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी फुटबॉल नाही. ते गणित घेऊन बसोत.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही, फक्त खेळ वेगळा होता. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू साठी ओलांडल्यावर १९५६-५७ च्या मोसमात रणजी करंडकात उतरले आणि अर्धशतक करून गेले. आणि सचिन? त्याचं नव्व्याण्णवावं शतक इथलंच, विदर्भातलं: १२ मार्च २०११, नागपूरचं जामठा मैदान, विश्वचषक, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११. भारत तो सामना हरला. शंभरावं यायला वर्ष लागलं. त्या वर्षात घराघरांत, एसटीत, बाजार समितीच्या ओट्यावर एकच प्रश्न होता: आता पुरे की अजून एक? १६ मार्च २०१२ ला मीरपूरमध्ये बांगलादेशविरुद्ध ते आलं, आणि तोही सामना भारत हरला. तेव्हा “शतकासाठी हळू खेळला” म्हणणारे आणि “तुझ्या बापानं केलं होतं का शंभर?” म्हणणारे एकाच घरातले बाप-लेक होते. आज त्या बाप-लेकाला विचारा, ते वर्ष वाया गेलं का? दोघेही नाही म्हणतील, आणि लगेच पुन्हा सुरू होतील.

शिरपूरला दीर्घ वादाची सवय आहे, हेही इथे सांगितलं पाहिजे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचं हे गाव. भूमीला न टेकता राहिलेली मूर्ती म्हणून देशभरातून लोक इथे येतात. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमधला पूजेच्या हक्काचा वाद इथून निघून इंग्रजांच्या काळात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तिथे १९२९ मध्ये निकाल झाला, तरी संपला नाही; मंदिराचं दार चार दशकं बंद राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये उघडलं. तो श्रद्धेचा विषय आहे, त्याची तुलना मी खेळाशी करणार नाही. पण ज्या गावात आजोबाने, बापाने आणि नातवाने एकाच प्रश्नाची तारीख पडताना पाहिली, त्या गावाला “आजच्या आज उत्तर द्या” असं म्हणणारा माणूस उतावळा वाटतो. दोन्ही पंथांचे यात्रेकरू इथे उतरले की गावातली दुकानं त्यांना सारखाच चहा देत आली आहेत. छेत्रीच्या दोन्ही पक्षांनाही तोच चहा मिळतो.

आता नको म्हणणाऱ्या पक्षाबद्दल थोडं, कारण त्यांच्यावर अन्याय होतो. त्यांना कृतघ्न म्हणतात. मी त्यांना जवळून ओळखतो. त्यांच्याइतके छेत्रीचे गोल कुणाला पाठ नाहीत. त्यांची भीती वेगळीच आहे. २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत त्याचा १५०वा सामना होता, त्याने पेनल्टीवर गोल केला आणि अफगाणिस्तानने भारताला २-१ हरवलं. ते म्हणतात, आम्हाला त्याला असं पाहायचं नाही. ज्याने जिंकून दिलं त्याला हरताना ओझं वाहायला लावू नका. हा विरोध प्रेमातूनच येतो, आणि तो समर्थनाहून अवघड आहे, कारण दर वेळी तो गोल करतो तेव्हा यांना आनंदही होतो आणि वाद हरल्याचं दुःखही. हवा म्हणणाऱ्यांना निदान एकच भावना सांभाळायची असते.

आणि या दोघांच्या भांडणातूनच, दोघांनाही न कळत, खरा प्रश्न वर येतो. तो अधिकृत बैठकांत विचारला जात नाही. “दाखव एक” असं टपरीवर म्हटलं जातं तेव्हा खरं विचारलं जातं ते हे: २००५ मध्ये आलेल्या माणसाला २०२५ मध्ये परत का बोलवावं लागतं? मधल्या वीस वर्षांत त्याच्या मागे रांग का लागली नाही? आयएसएलच्या क्लबांमध्ये आघाडीची मधली जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूकडे असते. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजारेचे होते. भारतीय मुलगा आघाडीचा म्हणून शिकतो आणि क्लबात आला की त्याला बाजूला ढकललं जातं. मग राष्ट्रीय संघाने त्याच्याकडून गोल मागायचे. जुलै २०२५ मध्ये तर लीगच स्थगित झाली, कारण महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा होत नव्हता. ऐन पात्रता फेरीच्या वर्षात खेळाडूंना लीग कधी सुरू होणार हे माहीत नव्हतं. ज्यांच्या हातात निर्णय होते त्या सुटातल्या माणसांना एक तारीख ठरवता आली नाही, आणि चप्पल घालून बसलेली माणसं नवव्या क्रमांकाची जागा कुणाला द्यावी यावर नकाशे काढत होती. यात मूर्ख कोण हे मला सांगावं लागू नये. दासबोधात पढतमूर्खांसाठी वेगळा समास आहे, तो याच कामासाठी असावा.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात यायच्या तोंडावर, महाराष्ट्र सरकारने एका दिवसात राज्यभरात लाखो मुलांच्या पायाशी फुटबॉल नेला. त्या दिवसाचे फोटो सगळ्या शाळांकडे असतील. त्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. इकडे नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देऊन ‘स्लम सॉकर’ उभं केलं होतं, त्यावरच नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला. म्हणजे मुलं आहेत, चेंडू आहे, इच्छाही आहे. २०१७ ला ज्या मुलाने पायाने चेंडू मारला तो आता विशीत आहे. त्यातला एखादा अजूनही भारताचा सामना पाहतो, हरल्यावर चिडतो, छेत्रीला शिव्या देतो किंवा छेत्रीसाठी शिव्या खातो. त्याच्यावर सरकारने जो काही खर्च केला असेल, तो माझ्या मते वसूल झाला.

माझी बाजू विचाराल तर मी हवा म्हणणाऱ्यांतला होतो. ९५ गोल, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या इतिहासात रोनाल्डो, मेस्सी आणि अली दाई यांच्यानंतरची जागा, आणि हे सारं अशा संघाकडून ज्याच्यासाठी मधल्या फळीतून येणारा प्रत्येक पास नवसाने मिळावा. त्याला एकदा तरी आशिया चषकाच्या दारात उभा पाहायचा होता. मडगावच्या रात्रीनंतर ते होणार नाही. मी चुकीच्या बाजूला होतो का, हे मला कुणी पटवून देऊ नये. पटवायचा प्रयत्न मात्र जरूर करावा, मी रात्री मोकळा असतो.

नवीन विषय तसाही आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. पर्थमध्ये जन्मलेला, बंगळुरूत छेत्रीच्या शेजारी खेळणारा, आई मुंबईची. हवा म्हणणाऱ्यांमधले निम्मे त्याच्या बाजूने गेले, नको म्हणणाऱ्यांमधले निम्मे विरोधात, आणि उरलेल्या दोन निम्म्यांनी जागा बदलल्या. “पोरगं चांगलं हाय, धावते बी मस्त,” असं एक जण म्हणाला. त्यावर समोरच्याने विचारलं, “वय काय त्याचं?” बत्तीस, असं उत्तर आलं. “मंग हाय का तो तरणा?” आणि टपरीवाल्याने न विचारता आणखी चार चहा टाकले.